विसरता येण्याजोगे

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य शाळेत मी इतक्यांदा लिहिले की ते पाढ्यासारखे जिभेवर बसले. भारताचा आकडाही तसाच पाठ होता, ७,५१६ किलोमीटर. अलीकडे केंद्र सरकारने किनाऱ्याची फेरमोजणी केली आणि तो आकडा ११,०९८ किलोमीटरवर गेला. समुद्र कुठे मागे हटला नव्हता. आधीची मोजणी ढोबळ नकाशावरून झाली होती, नवी पुष्कळ बारीक नकाशावरून झाली. आणि बारीक नकाशात खाड्या दिसतात, खाडीच्या आतले वळसे दिसतात, समुद्रात घुसलेले कातळ दिसतात. उद्या कोणी फूटपट्टी घेऊन रत्नागिरीच्या खडकाखडकावरून मोजत निघाला तर आणखी मोठा आकडा येईल. किनाऱ्याची खरी लांबी किती, हा प्रश्नच मग विरून जातो. त्याच्या जागी दुसरा, अधिक चांगला प्रश्न उभा राहतो: मोजपट्टी लहान लहान करत गेलो, तर उत्तर कोणत्या नियमाने बदलते? बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न घेऊन एक निबंध लिहिला, तो आता प्रसिद्ध आहे.

भौतिकशास्त्रात याच जातीच्या प्रश्नाचे नाव आहे रिनॉर्मलायझेशन ग्रुप. मराठीत पुनर्सामान्यीकरण गट म्हणता येईल, पण त्याने अर्थ काही जवळ येत नाही. एम.एस्सी.ला असताना हे नाव मी एकाच सत्रात दोन वर्गांत ऐकले. सकाळी पुंजक्षेत्र सिद्धांताच्या तासाला ते आले तेव्हा फळ्यावर अनंतातून अनंताची वजाबाकी चालली होती. दुपारी सांख्यिकीय भौतिकीच्या तासाला तेच नाव आले तेव्हा फळ्यावर लोहचुंबकातल्या छोट्या छोट्या बाणांचे चौकोन आखले जात होते. दोन्ही ठिकाणी सांगितले गेले की हे तेच आहे. मला काही केल्या ते तेच वाटेना. ही माझ्या एकट्याची अडचण नव्हती, हे फार उशिरा कळले. ज्यांनी ही कल्पना घडवली त्यांच्यातही ती नेमकी काय सांगते यावर एकमत नव्हते, आणि आजही ते पुरते झालेले नाही. त्या मतभेदाचाच माग मला इथे काढायचा आहे, कारण समीकरणापेक्षा तो मला अधिक बोलका वाटतो.

आधी अनंत. इलेक्ट्रॉन हा निव्वळ बिंदू मानला तर त्याच्याभोवतीच्या विद्युतक्षेत्रात साठलेली ऊर्जा अनंत निघते. पुंजसिद्धांत आल्यावर हे दुखणे सौम्य झाले, बरे झाले नाही. व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९३० च्या दशकात दाखवले की हा अनंत आता फार संथ गतीने, लॉगरिदमच्या चालीने वाढतो. पण अनंत तो अनंतच. जून १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर आयलंडवर निवडक भौतिकशास्त्रज्ञांची छोटी परिषद भरली. तिथे विलिस लॅम्ब यांनी सांगितले की डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार हायड्रोजनच्या ज्या दोन ऊर्जापातळ्या तंतोतंत सारख्या असायला हव्यात, त्यांच्यात सुमारे १,००० मेगाहर्ट्झचे अंतर आहे. हेन्ड्रिक क्रामर्स यांनी याच परिषदेत एक साधी पण दूरवर जाणारी सूचना मांडली: इलेक्ट्रॉनचे 'उघडे' वस्तुमान कुणी कधी तोललेलेच नाही. आपण मोजतो ते त्याच्या स्वतःच्या क्षेत्रासकटचे वस्तुमान, तेव्हा हिशेब त्याच्याच भाषेत मांडावा. परिषद संपली, हान्स बेथे रेल्वेने स्केनेक्टडीला निघाले आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आकडेमोड केली. मुक्त इलेक्ट्रॉनचा अनंत आणि अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा अनंत यांची वजाबाकी केली, तेव्हा हाती सुमारे १,०४० मेगाहर्ट्झ लागले.

पुढच्या दोन-तीन वर्षांत श्विंगर, फाइनमन, तोमोनागा आणि डायसन यांनी या युक्तीचे पद्धतशीर शास्त्र केले. उत्तरे दशांश चिन्हापुढे कित्येक स्थळांपर्यंत प्रयोगाशी जुळू लागली. तरीही मन मानत नव्हते. डिरॅक यांनी अखेरपर्यंत ही वजाबाकी मान्य केली नाही. अनंत राशी गैरसोयीची म्हणून सोडून देणे हे त्यांच्या लेखी गणितच नव्हते. खुद्द फाइनमन, ज्यांना याच कामासाठी १९६५ चे नोबेल मिळाले, तेही वीस वर्षांनंतर या प्रक्रियेला हातचलाखीच म्हणत राहिले. अज्ञानावर पांघरूण घालायचे आणि वरून उत्तर मात्र अचूक निघायचे, हे कोणत्याही प्रामाणिक माणसाला बोचणारच.

रिनॉर्मलायझेशन ग्रुप जन्मला तो या बोचणीच्या शेजारी. पण त्याच्या पहिल्या वाचनात बोचणीचा उल्लेखही नव्हता. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एर्न्स्ट स्ट्युकेलबर्ग आणि आंद्रे पीटरमन यांनी फ्रेंचमध्ये एक शोधनिबंध लिहिला. अनंत वजा करताना किती सांत भाग सोबत वजा करायचा, हे ठरवायला कोणताही निसर्गनियम नाही, हे त्यांनी पाहिले. एकाने थोडा जास्त वजा केला, दुसऱ्याने थोडा कमी, तर दोघांचे प्रभार आणि वस्तुमान यांचे आकडे वेगळे येतील, पण प्रयोगाचे भाकीत एकच राहील. एका निवडीतून दुसऱ्या निवडीत जाण्याच्या या सगळ्या वाटांचा गणिताच्या काटेकोर अर्थाने गट बनतो. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सांगा की पायथ्याच्या आतकरवाडीपासून सांगा, चढताना लागणारा दम तोच. या वाचनात रिनॉर्मलायझेशन ग्रुप म्हणजे आपल्या वर्णनातले जास्तीचे स्वातंत्र्य. जगाबद्दल तो एवढेच सांगतो की आपण शून्य कुठे धरले याच्याशी जगाला कर्तव्य नाही.

वर्षभरातच, १९५४ मध्ये, मरे गेल-मान आणि फ्रान्सिस लो यांनी जवळपास तेच समीकरण वेगळ्या हेतूने लिहिले. त्यांचा प्रश्न होता, इलेक्ट्रॉनच्या अगदी जवळ, आणखी जवळ गेलो तर त्याचा प्रभार किती दिसेल? मीठ पाण्यात विरघळते तेव्हा सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू तोंड फिरवून उभे राहतात आणि लांबून त्याचा प्रभार फिका दिसतो. पोकळीतही असेच होते. क्षणभर उपजून मावळणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मूळ प्रभाराभोवती पडदा धरतात. जितके जवळ जावे तितका पडदा विरळ. लांबून विद्युतबलाची ताकद १/१३७ या प्रसिद्ध संख्येने मोजली जाते, तर झेड कणाच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेला, म्हणजे पुष्कळ जवळून, तीच ताकद १/१२८ च्या आसपास असते. इथे मोजपट्टी बदलल्यावर भौतिक वस्तूचे दर्शन खरोखर बदलते. स्ट्युकेलबर्ग यांची मोजपट्टी नुसती संकेताची होती. गेल-मान आणि लो यांची मोजपट्टी म्हणजे आपण कणाच्या किती आत शिरलो त्याची खूण होती.

नाव रूढ केले ते निकोलाय बोगोल्युबोव्ह आणि दिमित्री शिर्कोव्ह या रशियन जोडीने, १९५५ मध्ये. त्यांच्या हाती ते मुख्यतः आकडेमोडीचे हत्यार झाले. अर्धवट हिशेबातून अधिक चांगला हिशेब मिळवण्याचे. शिर्कोव्ह पुढे अनेक दशके आग्रहाने सांगत राहिले की क्षेत्रसिद्धांतातला हा गट म्हणजे अचूक सममिती आहे, आणि नंतर आलेल्या पद्धतींशी त्याची गल्लत करू नये. दरम्यान मॉस्कोतच लेव लँडाव यांनी याच गणिताचा शेवट पाहिला आणि तो त्यांना भीषण वाटला. पडद्याचा हिशेब टोकाला नेला तर लांबून दिसणारा प्रभार शून्यच व्हायला हवा, म्हणजे सिद्धांत आतून पोकळ आहे. १९६० च्या सुमारास त्यांनी पुंजक्षेत्र सिद्धांताच्या रूढ मांडणीला योग्य त्या सन्मानाने मूठमाती द्यावी, अशा अर्थाचे लिहून टाकले.

आता दुपारचा तास. याची गोष्ट कितीतरी जुनी आहे आणि तिच्यात अनंत नाही, साधा काचेचा नळा आहे. १८६९ मध्ये टॉमस अँड्र्यूज यांनी दाखवले की कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर नेला तर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. त्या तापमानाच्या अगदी लगत वायू आणि द्रव यांतला फरक मावळत जातो आणि पारदर्शक नळा अचानक दुधाळ होतो. रेणू तर अब्जांश मीटरच्या मापाचे. मग प्रकाश विखुरला जातो कशामुळे? तर त्या क्षणी दाट-विरळ ठिपके प्रत्येक मापाचे असतात. लहान ठिपक्यांच्या पोटात आणखी लहान, मोठ्यांच्या बाहेर आणखी मोठे, आणि त्यांतले काही प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे. या अवस्थेला क्रांतिक बिंदू म्हणतात. लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व गमावते, तेव्हा आतले चित्र असेच असते.

व्हान डर वाल्स यांच्यापासून लँडाव यांच्यापर्यंत सगळ्या सिद्धांतांनी सांगितले होते की क्रांतिक बिंदूजवळ द्रव आणि वायू यांच्या घनतेतला फरक तापमानाच्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे १/२ या घातांकाने, घटतो. १९४५ मध्ये एडवर्ड गुगेनहाइम यांनी निऑन, आर्गॉन, नायट्रोजन, मिथेन यांसारख्या आठ पदार्थांच्या मोजमापांची एकत्र मांडणी केली. आठही एकाच रेषेवर पडले, आणि घातांक १/२ नव्हता, १/३ च्या आसपास होता. या निबंधापाशी मी नेहमी थांबतो. निऑन आणि मिथेन यांच्या रेणूंत काय साम्य आहे? काहीच नाही म्हटले तरी चालेल. तरीही क्रांतिक बिंदूजवळ ते एकच चाल चालतात. ही चाल त्यांना कुणी शिकवली?

१९६६ मध्ये लिओ कॅडनॉफ यांनी उत्तराचे चित्र काढले. दिवे घाटातून पालखी चढताना ज्याने लांबून पाहिली आहे त्याला ते चटकन समजेल. जवळून माणसे दिसतात, प्रत्येकाची चाल वेगळी. जरा लांबून दिंड्या दिसतात. एकेक दिंडी म्हणजे जणू एकच मोठा वारकरी. आणखी लांबून घाटावर वळणारा पांढरा प्रवाह. कॅडनॉफ म्हणाले, चुंबकातल्या शेजारच्या बाणांच्या दिंड्या करा, प्रत्येक दिंडीला एकच बाण द्या, मग दिंड्यांच्या दिंड्या करा. क्रांतिक बिंदूवर प्रत्येक पायरीला चित्र पहिल्यासारखेच दिसले पाहिजे, कारण तिथे कोणतेच माप विशेष नसते. चित्र सुंदर होते, पण त्यातून घातांकाचा आकडा निघत नव्हता. शिवाय दिंडी खरोखरच एका माणसासारखी वागते, हे गृहीत होते, सिद्ध नव्हते.

ते गृहीत सोडून देण्याचे धैर्य केनेथ विल्सन यांचे. ते गेल-मान यांचे विद्यार्थी, कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते, आणि वर्षानुवर्षे फार थोडे छापत होते. १९७१ मध्ये त्यांचे दोन शोधनिबंध आले. दिंड्या केल्यावर त्यांच्यातले नाते पहिल्याइतके साधे राहत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या शेजाऱ्याशी नवी नाती उपजतात. तर मग सगळीच नाती धरा! एकट्या प्रभाराचा प्रवास पाहू नका, सगळ्या संभाव्य सिद्धांतांचा एक अफाट प्रदेश कल्पा आणि बारीक तपशील पुसत गेले की आपला सिद्धांत त्या प्रदेशात कुठून कुठे वाहत जातो ते पाहा. काही नाती पायरीगणिक क्षीण होत नाहीशी होतात. मोजकी एक-दोन वाढत जातात. आणि निऑनचा प्रवास जिथून सुरू झाला, मिथेनचा जिथून सुरू झाला, ती ठिकाणे कितीही दूर असली तरी वाटेत दोन्ही प्रवाह एकाच स्थिर बिंदूपाशी येतात. गुगेनहाइम यांच्या आठ पदार्थांना चाल शिकवणारा कुणी नव्हता. त्यांना वेगळे ठरवणारे सगळे काही वाटेतच गळून पडले होते.

१९७२ मध्ये विल्सन आणि त्यांचे कॉर्नेलमधले सहकारी मायकेल फिशर यांनी ३.९९ मितींच्या जगात क्रांतिक घातांक काढले. शीर्षकातच तो आकडा आहे. चार मितींमध्ये १/२ हा जुना घातांक बरोबर ठरतो, म्हणून चारपासून जरासे खाली उतरून हिशेब करायचा आणि शेवटी तीनवर यायचे, ही युक्ती. त्या हिशेबाची नुसती पहिली पायरी घेतली आणि तीन मितींना लावली, तर १/२ मधून १/६ वजा होतो आणि १/३ उरतो. हे मी वहीत स्वतः करून पाहिले तो दिवस आठवतो. रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती. आज अधिक बारकाईने केलेला हिशेब ०.३२६ सांगतो.

तीन पूर्णांक नव्याण्णव मितींचे जग कुणी पाहिले आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल. याबाबतीत एक मोलाचे काम दीपक धर यांचे आहे. १९७७ मध्ये त्यांनी खरोखरच अपूर्णांकी मितींची जाळी रचून दाखवली. त्यांतल्या एकीची मिती सुमारे १.३७ येते, आणि तिच्यावर हीच पायरीपायरीने पुसण्याची क्रिया करून चुंबकासारख्या रचनांची वागणूक ठरवता येते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये त्यांनी काम केले. २०२२ चे बोल्ट्झमान पदक मिळालेले ते पहिले भारतीय. ज्या गणिताला अनेकजण निव्वळ कागदी करामत समजत होते, त्याला त्यांनी बोट ठेवता येईल अशी जागा दिली.

विल्सन यांना १९८२ चे नोबेल एकट्यांना मिळाले. त्याआधी दोन वर्षे वुल्फ पारितोषिक मात्र कॅडनॉफ, फिशर आणि विल्सन अशा तिघांना मिळाले होते, आणि मला तो निवाडा अधिक न्याय्य वाटतो.

विल्सन यांच्या वाचनात नावातला 'गट' हा शब्द खोटा पडतो. गटात प्रत्येक क्रियेची उलटी क्रिया असावी लागते. दिंडी पाहून आतल्या प्रत्येक वारकऱ्याचा चेहरा सांगता येत नाही. पुसलेले परत आणता येत नाही. गणिती याला अर्धगट म्हणतात. शिर्कोव्ह यांचा आक्षेप नेमका इथे होता आणि तो शाब्दिक नव्हता. परत फिरता येणारे वर्णनबदल आणि परत न फिरता येणारे विस्मरण ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच समीकरणात ती दोन्ही बसतात म्हणून ती एक होत नाहीत.

पण विस्मरणाच्या या वाचनाने जुनी बोचणी ज्या प्रकारे शमवली, तशी दुसऱ्या कशानेही शमली नव्हती. डायसन यांच्या काळात ज्या सिद्धांतातले अनंत वजा करता येतात तो चांगला सिद्धांत, असा दंडक होता. का, ते कुणाला सांगता येत नव्हते. विल्सन यांच्यानंतर कोडे उलटे झाले. फार सूक्ष्म पातळीवर खरा सिद्धांत काहीही असो, त्यात कसलीही अवघड नाती असोत. आपण ज्या लांबीवर प्रयोग करतो तिथपर्यंत येता येता ती नाती क्षीण होतात, आणि उरतो तो नेमका अनंत वजा करता येण्याजोगा भाग. वजाबाकी चालते याचे कारण आपण तळापासून फार लांब उभे आहोत. फर्मी यांनी १९३४ मध्ये मांडलेला बीटा ऱ्हासाचा सिद्धांत त्या दंडकानुसार नापास होता, तरी पन्नास वर्षे उत्तम कामाला आला, आणि जिथे तो कोलमडेल असे त्याचेच गणित सुचवत होते, त्याच्या अलीकडेच १९८३ मध्ये सर्नला या ऱ्हासामागचा डब्ल्यू कण सापडला. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७९ पासून हाच दृष्टिकोन पुढे नेला: प्रत्येक सिद्धांत एका पल्ल्यापुरता, आणि त्यात कमीपणा नाही. १९८४ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी डायसन यांच्या पद्धतीची जुनी प्रमेये विल्सन यांच्या वाटेने थोडक्यात सिद्ध करून सकाळचा आणि दुपारचा तास एका फळ्यावर आणला.

गंमत अशी की क्षेत्रसिद्धांताला वाचवणारा सर्वांत मोठा विजय जुन्या वाचनाच्या हत्याराने मिळाला. १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस व फ्रँक विल्चेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड पोलित्झर यांनी दाखवले की क्वार्कना बांधणारे बल जवळ जावे तसे दुबळे होते. पडद्याच्या बरोबर उलट. ग्रॉस या कामाकडे वळले ते अशी वागणूक कोणत्याच क्षेत्रसिद्धांतात असू शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी, म्हणजे एका अर्थी लँडाव यांची मूठमाती पुरी करण्यासाठी. हिशेबाने त्यांना उलट्या दिशेला नेले. लँडाव तोवर वारले होते.

मग यातले खरे वाचन कोणते? तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. तियान यू काओ आणि सिल्व्हन श्वेबर यांनी १९९३ मध्ये जग हे थरांचे बनलेले आहे आणि प्रत्येक थराला स्वतःचे नियम आहेत, असे या इतिहासातून काढले. डेव्हिड वॉलेस यांना विल्सन यांच्या वाचनाने क्षेत्रसिद्धांत पायावर उभा राहिला असे वाटते. डोरीन फ्रेझर यांना तसे वाटत नाही. त्यांचा मुद्दा मला टाळता येत नाही: चुंबकात अणू आहेत, दोन अणूंमधले अंतर खरे आहे, म्हणून तिथे 'बारीक तपशील पुसले' या वाक्याला वस्तुस्थितीचा आधार आहे. क्षेत्रसिद्धांतात ती सर्वांत लहान लांबी आपण कल्पिलेली असते. दोन ठिकाणचे गणित सारखे असले म्हणून दोन ठिकाणचे घडणे सारखे होत नाही. आणि रोजचे काम करणारे लोक तर अशी लांबी घेतच नाहीत. १९७२ मधल्या टूफ्ट आणि व्हेल्टमन यांच्या पद्धतीत मितीच किंचित बदलून अनंत टाळतात. तिथली मोजपट्टी निखालस स्ट्युकेलबर्ग यांच्यासारखी, मनाने निवडलेली. हिशेब पहिल्या वाचनाने करायचा आणि त्याचा अर्थ दुसऱ्या वाचनाने सांगायचा, अशी आजची वहिवाट आहे.

तरीही माझा कल विल्सन यांच्याकडे आहे, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानापेक्षा गुगेनहाइम यांच्या त्या एका रेषेत आहे. मोजपट्टी आपली, दिंड्या किती माणसांच्या करायच्या ते आपण ठरवतो, हे खरे. पण त्यानंतर काय गळून पडेल आणि काय उरेल, यावर आपला काडीचाही अधिकार नाही. निऑन आणि मिथेन यांतला फरक विसरता येतो, हे आपल्या विसरभोळेपणाचे लक्षण नव्हे. ती निऑन आणि मिथेनबद्दलची वस्तुस्थिती आहे, प्रयोगाने तपासता येणारी. मितींची संख्या मात्र विसरता येत नाही. सपाट पृष्ठभागावरच्या चुंबकाचा घातांक १/८ आहे आणि तो काही केल्या १/३ होत नाही. १९७८ मध्ये मिचेल फायगनबॉम यांनी हीच कल्पना अशा ठिकाणी नेली जिथे अणू नाहीत, पुंज नाहीत, उष्णता नाही. नुसते एक साधे सूत्र पुन्हा पुन्हा स्वतःवर लावायचे. आवर्तने दुप्पट होत गोंधळाकडे जातात, आणि त्या वाटेवरचे ४.६६९ हे गुणोत्तर सूत्राचा नेमका आकार बदलला तरी तेच राहते. काय विसरता येण्याजोगे आहे याचे उत्तर प्रत्येक वेळी जगाने दिले आहे किंवा गणिताने. वर्णन करणाऱ्याने ते दिलेले नाही.

हा वाद निव्वळ शब्दांचा असता तर मी त्यावर इतका रेंगाळलो नसतो. पण एका ठिकाणी त्याच्यावर फार मोठ्या अपेक्षा टांगल्या गेल्या आहेत. मघाशी म्हटले, काही मोजकी नाती पुसताना क्षीण न होता वाढत जातात. चुंबकात तापमान हे असे नाते आहे. क्रांतिक बिंदू पाहायचा तर प्रयोगशाळेत कुणीतरी बटण फिरवत तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवावे लागते. जरा ढळले की दुधाळपणा गेला. क्षेत्रसिद्धांतात हिग्ज कणाचे वस्तुमान अगदी याच जातीचे आहे. ते खालचे तपशील विसरत नाही, उलट मोठे करून वर आणते. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने जो कण सापडल्याचे जाहीर केले, त्याचे वस्तुमान १२५ जीईव्हीच्या आसपास आहे. गुरुत्वाकर्षण जिथे पुंजरूप घेईल अशी समजूत आहे, ती पातळी याच्या दहाचा सतरावा घात इतकी पट वर आहे. विल्सन यांच्या वाचनाला मनापासून धरणारे विचारतात, इतके बारीक जुळवून हे बटण कुणी फिरवले? त्यांतल्या बहुतेकांची खात्री होती की हिग्जच्या आसपास नवे कण सापडतील आणि जुळवणीचे ओझे उचलतील. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये आजवर ते सापडलेले नाहीत. स्ट्युकेलबर्ग यांच्या बाजूचा माणूस यावर शांतपणे म्हणेल, वस्तुमान मोजायची गोष्ट आहे, मोजले, समीकरणात घातले, जुळवायचे काय? त्या कल्पित लांबीशी तुलना तुम्हीच उभी केलीत. गेली कित्येक वर्षे किती यंत्रे उभारावीत, कुठे शोधावे, कशाची आशा धरावी, यांतले बरेच काही या दोन उत्तरांपैकी कोणते मानायचे यावर ठरत आले आहे.

या बटणाचा प्रश्न पहिल्यांदा विचारणाऱ्यांत विल्सन स्वतःच होते, १९७१ मध्ये. २००४ मध्ये, हिग्ज सापडण्याच्या आठ वर्षे आधी, आपल्या जुन्या कामाकडे वळून पाहताना त्यांनी हा युक्तिवाद आपली घोडचूक म्हणून मागे घेतला. अनपेक्षितपणे फार मोठे किंवा फार लहान आकडे भौतिकशास्त्रात पूर्वीही आले आहेत, असे त्यांनी लिहिले आणि दाखला दिला तो कोपर्निकसचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचा तारा वर्षभरात थोडा इकडे-तिकडे सरकलेला दिसायला हवा. दिसत नव्हता. तेव्हा एकतर पृथ्वी स्थिर, नाहीतर तारे सूर्याच्या मानाने अविश्वसनीय वाटावे इतके लांब. कोपर्निकसचे पुस्तक १५४३ चे. ताऱ्याचे ते सरकणे फ्रीडरिश बेसेल यांनी मोजले ते १८३८ मध्ये, आणि तारे खरोखरच तितके लांब निघाले.